दहा आकड्यांचा ठराव

लिंबागणेश,
मे २०१३

ती. शहादेव दाजींस,

आप्पारावाचा सा. न. (वाकून केला आहे; हल्ली वाकलं की धाप लागते, म्हणून एकदाच.) आपली साखर कशी आहे? ताईचे गुडघे? आमच्याकडे पाऊस सोडून सारं ठीक.

कुणी काहीही सांगो, मी हरलेलो नाही. बीडच्या छातीच्या डॉक्टरांनी माझे दोन्ही पंप बंद करून एकच नवा दिला. त्यात दोन औषधं एकत्र. एक श्वासनळी सैल करतं, दुसरं तिला आवळू देत नाही, जोडीनं जास्त चालतात म्हणे. अहो, बावीस वर्षं दूध संस्थेचा चेअरमन आहे मी! दोघांना एकत्र केलं की एकाची पाटी उतरते, हे मला कुणी शिकवायचं? जुन्यांवर अन्याय नको म्हणून मी नव्यासोबत दोन्ही जुनेही चालू ठेवले. हात असे थरथरू लागले की चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त.

त्यातच संचालकांची बैठक. दुष्काळानं दूध आटलं, तेव्हा आपली संस्था शेजारच्या गावच्या संस्थेत विलीन करावी, हा विषय. (ते गाव! दुधात घालायला पाणीसुद्धा आपल्याच विहिरीचं नेतं!) पाच बाजूनं, पाच विरोधात, माझं मत निर्णायक. मी विरोधात असा कडाडलो की धाप लागली. पंप काढला. तेवढ्यात सचिव सुंदरराव म्हणाले, "मंजूर आसंल त्यायनी हात वर करा." माझा थरथरता हात आधी कानाच्या वर गेला, मग तोंडाशी आला. औषध ओढलं. ओढल्यावर दहा आकडे श्वास धरायचा, हा डॉक्टरांचा कायदा. "चेरमन सायबाचा हात वर हाय, घ्या लिहून!" एक संचालक ओरडला. माझ्या पोटात "न्हाई" तयार होतं, पण मी जेमतेम चारवर. दहावर पोचलो तोवर टाळ्या संपून पेढे सुरू झाले होते. सही केली, पण खाली 'विरोध कायम' असं ठळक लिहून. घाबरतो की काय कुणाला!

आपला,
आप्पाराव

ता. क. डॉक्टरांनी भरपूर झापलं. जुने पंप बंद केले. आठ दिवस नुसता नवा. हात स्थिर आहेत, चारा छावणीपर्यंत वाटेत न बसता जातो. पुढच्या महिन्याचा पंप बीडहून घेऊन एसटीनं पाठवा, कागदात नीट गुंडाळून. एकत्र औषध मला मानवलं, हे गावात कळायला नको.

आणखी एक ता. क. हा वाचून फाडून टाका. बैठकीच्या सकाळी केंद्रावर एकोणीस लिटर दूध आलं होतं. संस्था दिवाळीपर्यंत टिकली नसती, आणि हे माझ्या तोंडून मला बोलवत नव्हतं. सुंदररावांनी लिहिण्याआधी माझ्याकडे पाहिलं होतं, दाजी. मान हलवायला श्वास लागत नाही.