टिल्लूच्या दाराचं कुलूप

३ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. म्हणजे जे झालंय त्याहून जास्त काही झालेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुझा आवाज ऐकला की बोलायचं ते सुचत नाही आणि भलतंच तोंडातून जातं. शेजारीण दवाखान्याकडे निघाली आहे, तिच्या हाती पिशवी आणि हे पत्र देतोय.

पिशवीत टिल्लूचे सैल सदरे आहेत. पुढून बटणांचे शोधून काढले, म्हणजे डोक्यातून घालायला नको आणि खांदा दुखणार नाही. तुझी शालही घातली आहे. तुझ्या घरी जाऊन आलो. गॅस बंद आहे. घरी परत आल्यावर पुन्हा शंका आली म्हणून पुन्हा जाऊन बघितला. बंदच होता. कुंड्यांना पाणी घातलं, पण त्या उंच रोपाला जास्त झालं की काय कोण जाणे, पानं मलूल दिसतात. तू रागावशील.

त्याच्या कानाचं डॉक्टर काय म्हणतात? सूज उतरली की ऐकू येईल ना? नीट विचारून घे. डॉक्टर घाईत असतात, तू त्यांच्या वाटेतच उभी राहा.

मला एक कळत नाही, चिमे. पोलिसाने फळवाल्याला भर रस्त्यात मारलं, तर मारलं. याने ते फोनवर टिपायचं काय कारण होतं? गाडी चालवायची, सामान पोचवायचं, घरी यायचं. सत्तर माणसं उभी होती तिथे, कुणी हात तरी वर केला का? हाच एक शूर. फोन घ्यायला ते त्याच्या खोलीवर येणारच होते.

आणि तू टिल्लूच्या घरमालकाला जिन्यात सगळ्यांसमोर इतकं बोलायला नको होतंस. "किल्ली तूच दिलीस मेल्या, तुझे हात झडोत." मी तुझी पिशवी धरून मागेच उभा होतो. म्हातारा नुसता "नाही हो बाई, नाही हो" करत होता. त्याच्याकडे किल्ली नसावी. ते दार ओढलं की आपोआप बसणारं कुलूप मीच टिल्लूला बसवून दिलं होतं आणि दोन्ही किल्ल्या त्याच्याच हातात दिल्या होत्या. त्या दोन्ही त्याच्या खोलीत सापडल्या, हे चौकशीला नेमलेल्या बाईंनीही सांगितलं.

त्यावरूनच तर सगळं अडलंय. पोलीस म्हणतात, दार उघडंच होतं, आम्हाला बघून पोरगा पळाला आणि जिन्यावरून पडला. टिल्लू म्हणतो, दार बंद होतं, त्यांच्याकडे किल्ली होती, त्यांनी आत शिरून मारलं. तिसरी किल्ली काही निघत नाही, म्हणून पोरगा खोटा ठरतोय. तू फार मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? पोरगा जिवानिशी वाचला, एवढं पुष्कळ.

मी अजून दवाखान्यात आलो नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. गुडघा धरलाय. येतोच.

तुझा
दादा


९ फेब्रुवारी, सकाळ

चिमे,

हे बसून वाच. जवळ कुणी असेल तर त्याला जरा बाहेर पाठव.

काल मी दवाखान्यात येऊन गेलो. तू औषधं आणायला खाली उतरलीस ते समोरच्या फुटपाथवरून बघितलं आणि मग वर गेलो. गुडघ्याला काहीही झालेलं नाही.

टिल्लू भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी खुर्ची ओढली तरी वळला नाही. मग आठवलं, सुजलेला कान वर होता. पुढे जाऊन उभा राहिलो तेव्हा हसला. ओठ शिवलेला आहे, तरी हसला. मी म्हटलं, "कसं काय, लांबड्या?" तो म्हणाला, "मामा, एका दमात उघडलंस की. हात अजून चांगला आहे तुझा."

मी त्याच्या पायाशी बसून राहिलो. पांघरुणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तो म्हणाला, "लहानपणापासून तुझ्या दुकानात बसलोय. तू तार आत घालतोस आणि आधी जिभेने टक् करतोस. दाराच्या आतून ऐकलं मी." मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला एकच भाऊ आहे. त्यांच्याकडे किल्ली होती असं मी सांगितलंय, तेच चालू दे."

चिमे, दार मी उघडलं.

घरमालकाने नाही, तिसऱ्या किल्लीने नाही. मी उघडलं.

त्या दिवशी दुपारी ते तिघे पोलीस दुकानात आले. आधी त्याच्या दारावर लाथा मारून आले होते. लोखंडी दार, मीच निवडलेलं, हललं नाही. त्यांच्यातला मोठा साहेब स्टुलावर बसला आणि म्हणाला, "काका, कुलूप तुमच्या हातचं आहे म्हणे. आमच्या बापालाही उघडत नाही." मी म्हणालो, "माझ्या हातचं कुलूप आहे साहेब, माझ्याशिवाय कुणाच्या बापाला उघडणार?" सगळे हसले. मीही हसलो.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात की दाराचा मालक समोर उभा असल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. मालक नसेल तर शेजारच्या दोघांनी ओळख द्यायची. तुला माहीत आहे, मी बायकांना त्यांच्याच दारात उन्हात उभं केलंय, नवरा येईपर्यंत. लोकांनी शिव्या घातल्या तरी ऐकलं नाही. आणि इथे तर मालक दाराच्या आत होता. आत होता आणि उघडत नव्हता. याहून स्पष्ट तो आणखी काय सांगणार होता?

मी स्वतःला सांगत राहिलो की मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दार तोडलं असतं. मी घाबरलो होतो, हेही खरं आहे. पण एवढंच नव्हतं. त्यांनी मला जीपमध्ये पुढे बसवलं. चौकातल्या सायकलवाल्याने मान वळवून बघितलं. मला ते बरं वाटलं, चिमे. पोलिसांचं माझ्यावाचून अडलंय, असं वाटलं. शिवाय त्या व्हिडिओपायी मी पोरावर चिडलेलो होतो. जिना चढताना मी स्वतःच साहेबाला म्हणालो, "जरा दम द्या त्याला, म्हणजे सरळ येईल. पण हात लावू नका, भाचा आहे माझा." तो म्हणाला, "तुमचा भाचा तो आमचाही भाचाच की, काका."

कुलूप उघडल्यावर म्हणाला, "तुम्ही खाली जा, चहा घ्या." मी गेलो. चहा घेतलाही. कप हातात होता तेव्हा वरून आवाज आले. पहिल्यांदा वाटलं कपाट सरकवताहेत. मग टिल्लूचा आवाज आला. तो "आई" म्हणाला नाही, "मामा" म्हणाला. मला वाटलं होतं की मार खाताना माणूस सुचेल त्याला हाक मारतो. काल कळलं, त्याला माहीत होतं मी खाली आहे.

मी वर गेलो नाही. हे तू दोनदा वाच. मी वर गेलो नाही. टपरीवाल्याला पैसे दिले आणि मागच्या गल्लीने दुकानात आलो. संध्याकाळी तुझा फोन आला तेव्हा "काय सांगतेस!" म्हणालो.

साहेब परवा पुन्हा येऊन गेला. माझ्या नव्या हत्यारांचं कौतुक केलं. म्हणाला, "चोऱ्या फार वाढल्यात, काका. हत्यारं बाळगणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पण बघावं लागतं." त्याने आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. टिल्लूने सांगितलंय ते चालू दे, तोही सुटेल आणि मीही, असं मनात आलं. टिल्लू सुटत नाहीये, हे मला कळत होतं. माझं नाव वाचवायला तो जे बोललाय त्यानेच तो खोटारडा ठरतोय. त्याच्या अंगावर हात टाकणारे छाती काढून फिरताहेत, आणि त्यांना खोटं पाडणारी एकच गोष्ट मी पोटात घालून बसलोय.

आज पहाटेच उठून घरमालकाकडे गेलो. त्याला म्हटलं, माझ्यामुळे तुम्ही शिव्या खाल्ल्यात, मी दार उघडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "बहिणीला सांगितलंत?" मी म्हणालो, नाही. "मग माझ्याकडे कशाला आलात?" असं म्हणून त्याने दार लावून घेतलं. बरोबर केलं.

आज दुपारी चौकशी आहे, तुलाही बोलावलंय. बाई विचारतील, दार कसं उघडलं. मी उभा राहून सांगणार आहे. जीपमध्ये कोण कोण होतं, साहेब काय म्हणाला, मी काय म्हणालो, सगळं. दम द्या म्हणालो तेही. तिथे परक्यांसमोर तुझ्या कानावर हे पहिल्यांदा पडू नये म्हणून लिहिलं. पुढे माझं काय करतील ते करोत.

टिल्लूला रागावू नकोस. त्याने तुझ्यापासून लपवलं ते तुझ्याचसाठी.

मी दाराजवळच्या बाकावर बसेन. माझ्याशी बोलू नकोस, माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. घरी येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. फक्त माझं बोलणं संपेपर्यंत उठून जाऊ नकोस. तू समोर नसलीस आणि तो साहेब समोर असला, तर मी तिथे काहीतरी तिसरंच बोलून बसेन. मी मला ओळखतो.

टिल्लूचा मामा