मोरपीस नावाची घोडी

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? (सामान वाकून बांधू नकोस, बसून बांध.) लेकाकडे कायमचं जायचं म्हटल्यावर काय न्यायचं आणि काय ठेवायचं, यातच तुझा जीव अडकला असेल. मी खुशाल आहे. हेही खुशाल आहेत, असं त्यांचं त्यांना वाटतं.

तू जायच्या आधी पंधरा दिवस राहायला येते म्हणाले होते, ते आता जमायचं नाही. रागावायचं ते शेवटपर्यंत वाचून मग रागाव.

वजनमापं तपासायच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हे रोज सकाळी पेपरातलं शब्दकोडं सोडवतात, तेही शाईच्या पेनानं, हे तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते असं की, कोडं कधीच पुरं होत नाही. चारपाच चौकोन राहतात, हे आंघोळीला जातात, आणि मी ते चौकोन त्यांच्याच पेनानं, त्यांच्याच अक्षरात भरून ठेवते. (शाळेत सिस्टरांनी आपल्याकडून कित्ते इतके गिरवून घेतले की मला आता कुणाचंही अक्षर काढता येतं. बिचाऱ्यांनी ते या कामासाठी शिकवलं नव्हतं.) हे टॉवेल खांद्यावर टाकून येतात, पेपर बघतात आणि म्हणतात, "झालं होतं की सगळं! उगाच डोकं खाजवत बसलो." अकरा वर्षं चाललंय. ज्या माणसानं जन्मभर दुकानदारांच्या तराजूतली लबाडी पकडली, त्याला घरातली दिसू नये, याचं मला हसू येतं आणि मायाही वाटते.

तर खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी (त्यांचा दवाखाना हल्ली रिकामाच असतो) यांच्या डोक्यात भरवलं, की कोडं रचणारा संपादक रेसचा शौकीन आहे आणि रविवारी जिंकणाऱ्या घोड्याचं नाव तो शनिवारच्या कोड्यात दडवतो. पुरावे दोन होते. दोन्ही रेस झाल्यावर सापडलेले.

त्या शनिवारी एक शब्द राहिला होता. 'यात सापडला की सुटका नाही', चार अक्षरं, पहिलं 'मो'. दूध उतू जायला आलं होतं, मला काही सुचेना. मी 'मोरपीस' लिहून मोकळी झाले. ताई, रविवारच्या रेसमध्ये मोरपीस नावाची घोडी होती. हे जिन्यातूनच ओरडले, "डॉक्टर, सापडली!" दोघांनी पैसे लावले आणि ती मेली जिंकली.

सोमवारी उत्तर छापून आलं: मोहजाल. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण हे म्हणाले, "आयत्या वेळी बदललंन. घाबरला असणार." दंतवैद्य म्हणाले, "साहजिक आहे हो वहिनी, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे."

पुढच्या शनिवारी मी शहाणपणा केला. रिकाम्या जागी 'गाळणी' लिहिलं. गाळणी नावाचा घोडा जगात कुठे नसणार. यांनी घोड्यांची यादी तीनदा वाचली, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचली. दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी खिडकीशी बसून म्हणाले, "माझंच डोकं चालेनासं झालंय गं." अशा आवाजात म्हणाले, की निवृत्त झाले त्या दिवसाची आठवण झाली.

मग तिसऱ्या शनिवारी मी आधी घोड्यांची यादी वाचली आणि चौकोनांत बसणारं एकुलतं एक नाव भरलं. राजहंस. वाटलं, थोडे पैसे लावतील, चार घास जेवतील. तर रविवारी तुझ्याकडे यायच्या तिकिटांसाठी मी ठेवलेल्या पैशांचं पाकीट खिशात घालून हे दारात उभे. "येताना दुप्पट आणतो. ताईंकडे पहिल्या वर्गानं जा!" नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी निमूट चपला घालून सोबत गेले.

राजहंस धावला. इतका सावकाश, की पुढच्या रेसचे घोडे येऊन उभे राहिले तरी याचं चाललंच होतं. बसमध्ये यांनी माझा हात धरला. म्हणाले, "त्या संपादकाला मी जन्मात माफ करणार नाही." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

पेन्शन हातात पडेपर्यंत तू गेलेली असशील. तेवढ्यासाठी हे पत्र.

तुझी,
धाकटी

ता.क. उत्तरात कोड्याचा 'को' काढू नकोस. तुझी पत्रं हे मला मोठ्यानं वाचून दाखवतात.

आणखी ता.क. ताई, तूच ये. शुक्रवारच्या आत ये, पलंग तुला देते. येताना भावोजींची दुर्बीण आण. आम्ही उभे होतो तिथून घोडे पेन्सिलीएवढे दिसतात. राजहंसाच्या पलीकडे एक तपकिरी घोडी होती. नाव कुठल्याही कोड्यात मावणार नाही इतकं लांबलचक, पण चाल काय सांगू! ती या रविवारी पुन्हा धावणार आहे. आपण दोघीच जाऊ. यांना सांगू, डोळे तपासायला निघालोय.