मिरचीचा हात

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असताना मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. तू जाऊन सव्वीस वर्षं झाल्यावर लिहायला बसलो आहे. ‘तुला’ लिहितो आहे तेही चुकीचंच. आपल्या घरात ‘तुले’ होतं. पण भाषणांनी जिभेला आणि हाताला दुसरं वळण लावलं. मंचावर तर मी तुला मायसुद्धा म्हणत नाही, ‘माझी आई’ म्हणतो.

सांगायचं आहे ते थपडेचं. माझ्या प्रत्येक भाषणात शेवटाकडे तू येतेस. मी सातवीत आहे, जयंतीला विहारासमोरच्या मंडपात बोलताना मध्येच विसरतो आणि रडत खाली उतरतो. तू मिरच्या वाळवायच्या सातऱ्यावरून, दिवसभर वाळल्या मिरच्यांचे देठ खुडून, थेट तिथे आली आहेस. त्याच हाताने तू माझ्या गालावर थप्पड मारतेस आणि म्हणतेस, ‘हा जाळ विसरू नकोस.’ इथे मी थांबतो. मग सांगतो की तो जाळ अजून विझलेला नाही, आणि ज्या समाजाचा गाल जळतो आहे त्याला झोपायचा अधिकार नाही. माणसं उभी राहून टाळ्या वाजवतात. त्या वाक्यावर माझा आजही विश्वास आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. प्रश्न थपडेचा आहे.

यंदा रामदासपेठेतली एक मुलगी घरी आली. ती व्हिडिओची कलावंत आहे. म्हणजे सिनेमा काढत नाही. लोक भिंतीवर चित्रं लावतात तशी ती हलती चित्रं लावते. तिच्या आजोबांची स्मृती गेली होती आणि ते एकच गोष्ट रोज नव्याने, थोडी वेगळी सांगायचे. तेव्हापासून ती आठवण आणि विसर यांच्या मागे लागली आहे. तिने मला पाच शनिवार मागितले. तीच खुर्ची, तोच सदरा, तीच आठवण. दर वेळी म्हणायची, “सर, मागच्या शनिवारी काय सांगितलं ते आठवू नका. तो दिवस आठवा.” मला हसू यायचं. दोन्हींत फरक काय, असं वाटायचं.

मग एका दुपारी तिने पाचही चित्रं शेजारी शेजारी लावली. पाच खुर्च्यांत पाच वेळा मी. म्हणाली, “आवाज बंद ठेवते.”

“माझा आवाज बंद केल्यावर उरतं काय गं?”

“तेच बघायचंय, सर.”

खाली फक्त अक्षरं उमटत होती. ‘थप्पड’ हा शब्द आला आणि पाचही माणसांनी एकच गोष्ट केली. गालाला हात कुणी लावला नाही. प्रत्येकाने कोपर वर उचललं आणि दंड स्वतःच्या डोळ्यांवरून फिरवला. तिने चित्र थांबवलं आणि विचारलं, “थप्पड गालावर होती ना?”

मला तुझी कोपरं दिसत होती. सातऱ्यावरून आलीस की तू आम्हाला हात लावायची नाहीस. दार कोपराने ढकलायचीस, आम्हाला बाजूला सारायचीस तेही कोपरानेच. तेल चोळून, राखेने घासून हात धुतलेस तरी बहिणीची वेणी शेजारणीकडून घालून घ्यायचीस. आणि त्या दिवशी मंडपामागे मी रडत होतो तेव्हा तू दोन्ही हात अंगापासून लांब धरून उभी होतीस. “काहून रडून राहिला गा? डोळे चोळू नको. माह्या हाताले मिरची हाय, मले तुयं तोंड पुसता येत नाही.” मग वाकून दंडाने, पोलक्याच्या बाहीने माझे डोळे पुसलेस. बाहीतही तिखट होतंच. मला सटासट शिंका आल्या आणि तू हसलीस. “इसरला त इसरला. पुढचं बोलाचं.”

“पुढचंच आठवत नव्हतं, माय.”

“मंग आपल्या मनचं बोलाचं!”

तेच करत आलो बघ. थप्पड माझ्या मनची. ती नेमकी कधी शिरली ते सांगता येत नाही. एखाद्या सभेत समोरची माणसं पेंगत असतील, डोळे पुसल्याच्या गोष्टीने ती जागी झाली नसतील. बहिणीने एकदा विचारलं होतं, “दादा, मायनं तुले कधी मारलं गा? सातऱ्याच्या हातानं त ते आपल्याले शिवतबी नव्हती.” ‘तू लहान होतीस, तुला आठवत नसेल,’ म्हणून मी तिला गप्प केलं. ती माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे. त्यानंतर ती माझ्या भाषणांना आली नाही, आणि मी कारण विचारलं नाही. विसरू नका, विसरू नका, असं सांगत गावोगाव फिरलो. मला जपायचं म्हणून ज्या हाताने तू मला स्पर्श केला नाहीस, त्याच हाताने हजारो लोकांसमोर तुझ्याकडून मला मारून घेतलं.

ती मुलगी म्हणाली, “सर, नको असेल तर प्रदर्शनातून काढून टाकते.” मी म्हणालो, लाव, आवाजाशिवायच लाव.

ते सोपं होतं. तिथे मी मुका आहे. रविवारी खाप्याला सभा आहे. तिथल्या कार्यकर्त्याचा फोन आला होता, “सर, थपडेचा किस्सा घ्याच. पोरं खास त्याच्यासाठी येऊन राहिले.” मी ‘घेतो’ म्हणालो. तोंडातून आपोआप गेलं.

फोन ठेवला आणि बहिणीला लावला. रविवारी माझ्यासोबत चल म्हटलं. ती म्हणाली, “काहून गा? आज कसे आठवलो आम्ही?” गाडीत जागा आहे, असं मी तिला सांगितलं. खरं कारण फक्त या कागदावर लिहितो, आणि हा कागद भाषणाच्या टिपणांतच राहील. ती पहिल्या रांगेत बसलेली असली, तर माझ्याने तुझ्या हातून थप्पड मारून घेववणार नाही.