भांडण पोचायला लागणारा वेळ

बाबा, तुम्हाला हसू येईल, पण मी सध्या अंतराळात भांडणं लावते. इथे कोलकात्यात, न्यू टाउनमधल्या एका कंपनीने संगणकावर यानांच्या लढाईचा खेळ केलाय, आणि मराठी आवृत्तीत दोन्हीकडच्या कप्तानांनी एकमेकांना काय सुनवायचं ते माझ्याकडे आहे. अडचण एवढीच, की यानांमध्ये नऊ कोटी किलोमीटर अंतर आहे. ते कापायला प्रकाशालाही पाच मिनिटं लागतात. म्हणजे शत्रू दिसतो तो पाच मिनिटांपूर्वीचा, आणि आपण झाडलेला लेझर किरण तिथे पोचेपर्यंत तो आणखी पाच मिनिटं पुढे सरकलेला. टोमण्याचंही तसंच, एक मारला की उत्तरासाठी दहा मिनिटं ताटकळायचं. आमची टीमप्रमुख बंगाली आहे, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. ती म्हणाली, "दीदी, तोवर खेळणारा झोपून जाईल. यांना समोरासमोर भांडू दे ना." मी म्हटलं, "तू इनलँड पत्रावरचं भांडण पाहिलेलं नाहीस."

तुमचं आणि काकांचं. पुण्याहून काकांनी लिहिलं होतं, की पोरीचं मराठी ऐकून वाटतं कुणी बंगाल्याने भाषांतर करून दिलंय. मी तेव्हा दहा वर्षांची, आणि मला ते पटलंही होतं. तुम्हाला नाही. दर रविवारी आपल्या बेहाल्याच्या घरी, स्वयंपाकघरात, आई पोळ्या लाटत असताना तुम्ही टेबलावर इनलँड पसरून बसता. दिवसभर खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या कामात लोकांची खोकी उघडणारा माणूस घरी भावाचं एकेक वाक्य उघडून बघतोय. पत्र पोचायला सहा-सात दिवस, उत्तराला तितकेच. त्यामुळे तुम्ही काकांच्या पत्राला उत्तर देतच नव्हता. ते मिळाल्यावर काका काय लिहितील, त्याला देत होता. "नेम पुढचा धरायचा," तुम्ही म्हणायचात. आई म्हणायची, "त्यांनी अजून न केलेल्या अपमानाचा सूड घेताय तुम्ही." त्यावर तुम्ही पोळी मागायचात.

एका सोमवारी तुमचं सगळ्यात जहाल पत्र मी शाळेत जाताना पेटीत टाकलं आणि मंगळवारी काकांचं आलं. 'माझं चुकलं. दिवाळीला सगळे या. पोरीला बोलू दे कसं बोलायचं तसं.' तुम्ही ते उभ्यानेच वाचलंत आणि तसेच टपाल कचेरीत धावलात. थैली निघून गेली होती. मग तुम्ही तार केलीत: पत्र वाचू नकोस. तार पत्राच्या आधी पोचली, आणि काकांनी चार दिवस वाट बघून, चष्मा पुसून, ते पत्र सगळ्या घराला मोठ्याने वाचून दाखवलं. त्यानंतर कुणी कुणाला लिहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा काकांचं दोन ओळींचं कार्ड आलं, तेही आईच्या नावाने.

टीमप्रमुखाला हे सांगितलं तर ती हसून हसून बेजार झाली, आणि मग म्हणाली, "पण दीदी, शरणागती आली तर? सुटलेला किरण मागे घ्यायचं बटण देऊ या का?" मी नाही म्हटलं. क्षेपणास्त्र असेल तर मागून धाडलेला निरोप त्याला गाठतो, किरणाला गाठणारं काहीच नाही. मी फारच ठामपणे बोलले असेन, कारण तिने विचारलं, "ते काका आहेत अजून?"

आहेत. शहाऐंशी वर्षांचे. चुलत भावाने गेल्या महिन्यात कळवलं, की हल्ली ते मध्येच विचारतात, कोलकात्याची पोरगी लिहिते म्हणे, आपल्याला का नाही लिहीत? डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. फोन केला तर माझा आवाज पुण्यात पापणी लवायच्या आत पोचेल, आणि भीती नेमकी तीच आहे. नेम धरायला वेळच मिळणार नाही.

म्हणून आज पत्र लिहायला बसले. खरं सांगते, कागद काकांसाठीच घेतला होता. वर 'बाबा' लिहिलं, कारण तुम्ही उलट उत्तर देत नाही.