शकू मागं वळून बघत नाही

प्रिय वहिनी,

आधी हे ऐक, शकूला काही झालेलं नाही. साधं खरचटलंसुद्धा नाही. आत्ता ती चुलीपाशी बसून वाल निवडते आहे. पण आज बोईसरच्या बाजारात तुझी लेक खडीच्या ट्रकखाली येता येता वाचली, आणि तेव्हापासून मी तिला नजरेआड होऊ दिलेलं नाही. दादा कामावरून यायचाय. त्याला सांगायची छाती होत नाही. मग तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मी किती भित्री ते तू जाणतेस. समोरून बैल आला की मी बांधावर चढायची, आणि तू पदर तोंडाला लावून म्हणायचीस, "वन्सं, तो तुमाला विचारीत पण नाय." अशा बाईच्या पदरात पाच वर्षांची पोर टाकून निघून गेलीस, हे काय बरं केलंस?

आणि पोर तरी कशी! बाजार शिकलेली. तिला तू गुळाची ढेप हुंगायला शिकवलीस, तूरडाळ तळव्यावर चोळून रंग सुटतो का ते बघायला शिकवलीस. सुका बोंबील वाकवायचा, कडकन मोडला तर घ्यायचा, लवला तर ठेवून द्यायचा. पुडीच्या कागदावरची अक्षरं लावत लावत ती वाचायला लागली. काट्याचं पारडं स्थिर होईपर्यंत ती शेठच्या तोंडाकडे बघतच नाही. शेठ हसतो, पण हात आवरून तोलतो.

तुझा तो डाव मात्र मला कधी पटला नाही. बाजाराच्या तोंडाशी तिला पुढं सोडायचीस आणि सांगायचीस, "तू हो पुढं, मी मागं हाय. वळून बघायचं नाय. वळलीस की डाव गेला." मी तेव्हाही भांडले होते, पोर हरवेल म्हणून. तू म्हणालीस, "ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली तर शेठ मलाच इचारील. मग ती शिकंल कवा?" आणि तू कापडवाल्याच्या आडोशाला उभी राहून तिच्यावरची नजर हलवायची नाहीस. मीच तुझ्या मागं देवाचं नाव घेत उभी असायची.

श्रावणात तुला काविळीनं नेलं. त्या दिवशी शकूला शेजारी ठेवलं होतं. संध्याकाळी दादानं तिला सांगितलं, आई देवाघरी गेली. तिनं "बरं" म्हटलं आणि सागरगोटे घेऊन ओट्यावर गेली. आम्हाला वाटलं, लहान आहे, कळलं नाही. कळायचं तेव्हा कळेल, म्हणून आम्हीही गप्प बसलो. तिच्यापुढं तुझं नाव काढायची मला भीतीच वाटायची.

त्यानंतर बाजार दादाच आणायचा. त्यानं आणलेली डाळ ही शकूबाई परत करायला लावायची. पण आज त्याला सुट्टी नव्हती, डबे रिकामे होते, आणि शकू सकाळपासून पिशवी धरून दारात उभी. "आत्या, बाजार मी करीन. तू आईसारखी मागं राहा." आपल्या सरावलीहून चालत निघालो. मी मागं राहिले. नाही कसं म्हणू?

तारापूरला ते विजेच्या कारखान्याचं काम निघाल्यापासून रस्ता पूर्वीचा राहिला नाही, वहिनी. ट्रकांवर ट्रक, धूळ, कुठकुठली अनोळखी माणसं. शेठकडून मीठ-डाळ घेऊन शकू रस्त्याच्या मधूनच सुकटवालीकडे निघाली. मागून ट्रक आला. भोंगा वाजतोय, ड्रायव्हर ओरडतोय, "हटो, हटो," आणि पोर आपली सरळ चाललीय. मी घसा फोडून ओरडले, "शकू, मागं बघ! अगं, मागं बघ!" बाजूला हो म्हणायचं मला मेलीला सुचलंच नाही. तिनं मान ताठ केली आणि पाय आणखी भराभर उचलले.

ती सुकटवाली, तुझ्या माहेरची, नवापूरची जानकीबाय नसती तर काय झालं असतं? टोपली ओलांडून ती धावली आणि दंडाला धरून पोरीला ओढलं. ट्रक अंगावरून वारा घालीत गेला. जानकीबाय खेकसली, "पोरी, आत्या हाका मारते, आयकू येत नाय तुला?"

शकूनं पिशवी पोटाशी धरली होती. म्हणाली, "आयकलं मी. पण मागं बघितलं तं आई नसंल."

जानकीबायनं तिचा धरलेला दंड सोडला. मला तर रडूही फुटलं नाही, इतकी मी घाबरले. ट्रकला नाही, वहिनी. श्रावणापासून हे एवढंसं लेकरू सगळं समजून आहे, आणि एकटंच समजून आहे. घरात दोन मोठी माणसं, आणि दोघांनी तिच्याशी चकार शब्द काढला नाही. आणखी काय काय असं मनात धरून बसली असेल? मला विचारायचं धाडस होत नाही. पण विचारायला हवं ना? तूच सांग, कसं विचारू?

दादाला आज सगळं सांगेन. ट्रकचंही, आणि ती जे बोलली तेही.

शकूचा बाजार मी बंद करणार नाही, काळजी करू नको. माझं मन म्हणतंय कोंडून ठेव तिला घरात, पण तू दिलेलं मी काढून घेणार नाही. फक्त यापुढं मी मागं चालणार नाही. मी पुढं जाऊन शेठच्या दुकानाशी उभी राहीन. तिनं मान वर केली की मी दिसेन. भाव तीच विचारील, मी तोंडातून अक्षर काढणार नाही. आणि ज्या दिवशी तिला मागं वळून बघावंसं वाटेल, त्या दिवशी मी तिचा हात घट्ट धरीन. मग आम्ही दोघी मिळून बघू.

तुझी भित्री वन्सं,
कुसुम