कादंबरीतली आई आणि मी

टोकावडे,
१२ एप्रिल २००९

प्रिय बारके,

तुझ्या कादंबरीची झेरॉक्स पोचली. छापायला देण्याआधी तू विचारलंस, आईचं सगळं बरोबर उतरलंय ना? अंगणवाडीतली पोरं झोपली की दोन-चार पानं, असं करत वीस दिवसांत वाचून काढली. माझी शाळा चौथीपर्यंतची, पण कुठं अडले नाही. लिहितेस छान. एक गोष्ट मात्र खोटी आहे, आणि ती तशीच छापली जायला नको.

आधी किरकोळ सांगते. तुझी ती आई पानापानाला डोळ्यांना पदर लावते. मला एवढी सवड कधी होती गं? शिवाय ती मुलींना जेवू घालते आणि स्वतः पाणी पिऊन झोपते. वीटभट्टीवर मी सगळ्यांत आधी जेवायचे. उपाशी बाईच्यानं दिवसाला हजार विटा होत नाहीत. लोक नावं ठेवतील तर ठेवू देत, पण तेवढं काढून टाक.

बाबांचं खरं लिहिलंस. हिरडे काढताना झाडावरून पडले आणि त्यांची कंबर गेली. ते एक्क्याण्णव साल, दिवाळीच्या तोंडावर. दिवाळी झाली की आपली वाडी भिवंडीकडं भट्टीवर जायची. भट्टीवाला काम द्यायचा ते जोडीला. एकानं चिखल करून आणायचा, दुसऱ्यानं विटा थापायच्या. बाबा आजीपाशी अंथरुणावर, म्हणजे माझी जोडी मोडली. एकट्या बाईला कुणी उभं करत नव्हतं.

बाबा पडायच्या आधी, त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एक गुरुजी वाडीत येऊन नावं लिहून गेले होते. नवी आश्रमशाळा दिवाळीनंतर उघडणार होती, आणि एका घरातलं एकच मूल घेणार होते. आम्ही तुझ्या बहिणीला पुढं केलं. तेव्हा घरात तुम्ही नुसत्या थोरली आणि बारकी. कागदावर नाव पाहिजे म्हटल्यावर थोरलीनं आपलं आपणच सांगितलं, रुपाली. म्हसा गावच्या जत्रेत पाळण्यात शेजारी बसलेल्या मुलीचं ते नाव तिनं लक्षात ठेवलं होतं. चार महिने ती वाडीभर सांगत फिरत होती की मला थोरली म्हणायचं नाय.

तू लिहिलंस की बहीण शाळेत रमली नाही, पळून आली. तुझी चूक नाही, आम्हीच तुला तसं सांगत आलो. ती शाळेत गेलीच नाही. ती आठ वर्षांची, तू सहाची. चिखलाची पाटी तुझ्याच्यानं उचलली नसती. म्हणून मी तिला भट्टीवर नेलं, आणि तिच्या नावावर तुला शाळेत बसवलं. वयाचा दाखला कुणापाशी होता? निघताना तिनं एवढंच विचारलं, "आये, नाव तं माजं हाय ना तिथं?" मी म्हटलं, "नाव राहू दे. तू चल." पुढं लग्नात सासरच्यांनी तिचं नाव चंदा ठेवलं, तेच चालू आहे.

परवा चंदा खर्डीहून आली होती. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तुझी पानं वाचून दाखवायला बसले. पहिल्याच पानावर तुझं नाव आलं, तेव्हा ते कुठं लिहिलंय ते दाखव म्हणाली. त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "चांगलं दिसतंय गो." तुझ्याबद्दल तिच्या मनात वाकडं काही नाही. ते नाव आता तू कमावलंस, बदलू नकोस. पण तुझ्या त्या आईनं दोन लेकींतली एक निवडली आणि जिचं नाव लागलं होतं तिलाच चिखलात नेलं, एवढं एक पान घाल. अठरा वर्षांत मला चंदापुढं त्यातलं अक्षर बोलता आलं नाही, आणि आता आपणहून बोलेन असंही वाटत नाही. तू लिहिलंस तर मी तिला वाचून दाखवीन.

तुझीच,
आये