काष्ट्याच्या पिना

मंगळवार, संध्याकाळ

आज कॉलेजचा ट्रॅडिशनल डे. तोंडात पिना धरून होस्टेलच्या चौघींना मी नऊवारी नेसवली. वाटलं, आता तरी यांच्यातली होईन. माझी साडी नेसायची राहूनच गेली.

फोटोच्या वेळी त्यांच्यातल्या प्राचीने मोबाईल माझ्याच हातात दिला. "ए चांदवड, तू काढ ना. तुझा हात लय भारी!" माझी नक्कल करत म्हटलेल्या त्या 'लय'वर सगळ्या हसल्या. नाव माहीत असून गावाच्या नावानं हाक!

फोटो ग्रुपवर आलाय, खाली 'आमची फॅमिली'. मी कुठाय त्यात? त्यांच्या कमरेच्या पिनांत?

आता खालून ओरडतायत, "चांदवड, काष्टा सुटत नाहीये, ये ना!"

बसा म्हणावं तशाच, पिना टोचून घेत.

पण जाईनच मी. नाही गेले तर उद्या मेसमध्ये कुणाशेजारी बसू?